परदेशी पोस्टिंग आणि मुलाची शाळा: ऑर्डर हातात पडल्यापासून परत येईपर्यंत

ऑर्डर निघाली की पहिले दोन दिवस पेढे वाटण्यात जातात. तिसऱ्या दिवसापासून गडबड सुरू होते: पासपोर्ट, सामानाची बांधाबांध, गाडी विकायची की ठेवायची, गॅसचं कनेक्शन कोणाच्या नावावर करायचं. या सगळ्यात मुलाचा विषय "तिकडे शाळा असतेच की" एवढ्यावर उरकतो. आमच्याकडेही तसंच झालं. माझे यजमान परराष्ट्र मंत्रालयात. ते दिल्लीत, मी आणि मुलगी साताऱ्यात सासरी. मुलगी मराठी शाळेत दुसरी पास झाली आणि आम्ही मॉस्कोला गेलो. तीन वर्षांनी तिथूनच नैरोबी, आणि नववीच्या तोंडावर परत भारतात. या सहा वर्षांत ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय. परराष्ट्र खात्यातले असा, सैन्यदलातून दूतावासात नेमणूक झालेली असो किंवा दुसऱ्या खात्यातून प्रतिनियुक्तीवर निघाला असाल, मुलाच्या बाबतीतली कामं साधारण हीच असतात.

आधी मुलाला सांगा, मग नातेवाइकांना

आमच्या मुलीला ही बातमी शेजारच्या काकूंकडून कळली. "तू आता रशियाला जाणार ना गं?" असं त्यांनी जिन्यात विचारलं आणि ती घरी येऊन कपाटामागे बसली. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून ऑर्डर आली त्याच संध्याकाळी मुलाला समोर बसवून सांगा. कुठे जायचंय, किती वर्षांसाठी, परत कधी यायचंय हे स्पष्ट सांगा. बहुतेक ठिकाणी मुदत तीन वर्षांची असते, खडतर ठिकाणी कमी. सात-आठ वर्षांच्या मुलाला "तीन वर्षं" कळत नाहीत. "तू पाचवी संपवशील तेव्हा" म्हटलं की कळतं.

जायचं की नाही हे मूल ठरवू शकत नाही, आणि ते त्याच्यावर सोडल्याचं नाटकही करू नका. पण त्याने ठरवण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात: कोणती खेळणी यायची, कोणती आत्तेभावाला द्यायची, निरोपाला कोणाला घरी बोलवायचं. सामानातलं एक खोकं त्याच्या एकट्याच्या नावाचं ठेवा. त्यात काय भरायचं ते त्यालाच ठरवू द्या आणि ते खोकं जहाजाने जाणाऱ्या मोठ्या सामानात न टाकता सोबत न्या. मोठं सामान पोहोचायला महिने लागतात, आणि तेवढे दिवस अनोळखी घरात त्याची स्वतःची अशी तेवढीच वस्तू असते. आमच्या मुलीने त्या खोक्यात आजीने भरून दिलेला मेतकुटाचा स्टीलचा डबा ठेवला होता. मेतकूट महिन्याभरात संपलं, पण डबा ती तीन वर्षं रोज शाळेत नेत होती.

मुलाची वेगळी फाईल करा

आई-वडिलांची कागदपत्रं ऑफिस मागून घेतं, त्यामुळे ती होतात. मुलाची कागदपत्रं मागायला कोणी येत नाही, आणि ती कमी पडतात तेव्हा आपण हजारो किलोमीटर लांब असतो. म्हणून निघण्याच्या निदान तीन महिने आधी एक जाड फाईल घ्या आणि त्यावर मुलाचं नाव लिहा.

सगळ्यात आधी नाव तपासा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरात दुसरं, आधारवर तिसरं, हे महाराष्ट्रात घरोघरी सापडतं. शिवाय जन्मदाखल्यावर आईचं नाव कधी माहेरचं असतं आणि पासपोर्टवर सासरचं. भारतात कारकून हे समजून घेतो, बाहेरच्या शाळेत समजत नाही. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी छापलेलं होतं. नैरोबीतल्या शाळेने ती दोन्ही मिळून तिचं एकच नाव धरलं आणि पहिले तीन आठवडे वर्गात तिला तिच्या वडिलांच्या नावासकट हाक मारली जायची. मुलं हसायची. फॉर्मवर "हाक मारण्याचं नाव" असा रकाना असेल तर तो कधीही रिकामा सोडू नका, आणि नसेल तर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या.

जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का हेही बघा. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या आणि इंग्रजी-मराठी दोन्ही असलेली प्रत काढा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या बाळांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे लहानग्यांच्या बाबतीत हे काम टाळताच येत नाही.

पासपोर्टचा रंग हुद्द्यावर ठरतो: राजनैतिक पासपोर्ट मरून, शासकीय पांढरा. कुटुंबालाही त्याच प्रकारचा मिळतो. घरात आधीचा साधा निळा पासपोर्ट असेल तर तो जमा करावा लागतो, म्हणून त्याच्या सगळ्या पानांच्या, जुन्या व्हिसांसकट, प्रती काढून फाईलमध्ये ठेवा. परत आल्यावर उलटा प्रवास होतो, पांढरा जमा आणि निळा पुन्हा. तेव्हा या प्रती कामाला येतात.

अपोस्टिलबद्दल थोडक्यात. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. जिथे जाताय तो देश करारात असेल तर जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश करारात नाही, तिथे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. हे काम भारतात असतानाच उरका.

फाईलमध्ये आणखी हे असू द्या: शाळा सोडल्याचा दाखला (एलसी) मूळ प्रत आणि तीन छायाप्रती, गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, बोनाफाईड, आणि शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने इंग्रजीत एक पत्र. मूल कोणत्या इयत्तेत होतं, कोणते विषय शिकलं, माध्यम कोणतं, शाळेचं वर्ष कधी सुरू होऊन कधी संपतं, हे त्या पत्रात हवं. मराठी शाळांना असं पत्र द्यायची सवय नसते, तेव्हा तुम्हीच मसुदा टाइप करून न्या. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत निकाल १ मेला लागतो. सीबीएसईचं वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू झालेलं असतं. मुख्याध्यापकांना आधी भेटून निकालपत्रक लवकर मिळेल का ते विचारा. आम्हाला मिळालं. न मागता मिळालं नसतं.

लसीकरण आणि डॉक्टर

आपलं लसीकरणाचं कार्ड म्हणजे डॉक्टरांच्या अक्षरातल्या तारखा आणि लसीच्या कंपन्यांची नावं. परदेशातल्या शाळेच्या नर्सला ती नावं कळत नाहीत. बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक डोस, त्याची तारीख आणि लसीचं मूळ नाव असं इंग्रजीत टाइप केलेलं पत्रक सही-शिक्क्यासह घ्या. गोवर, गालगुंड, रुबेला या एकत्रित लसीचे दोन डोस जवळपास सगळीकडे विचारले जातात.

बीसीजीचा मुद्दा मुद्दाम सांगते. आपल्या मुलांना जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते, आणि तिच्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. जिथे बीसीजी देत नाहीत तिथे यावरून घबराट होते. पत्रकात बीसीजीची तारीख ठळक लिहून घ्या आणि त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करता येईल का ते विचारा.

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जायचं असेल तर पीतज्वराची लस. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रावर मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, म्हणून विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. हे प्रमाणपत्र, म्हणजे 'पिवळं पुस्तक', परत येताना जास्त लागतं: पीतज्वर असलेल्या देशातून त्याशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत.

दात आणि डोळे इथेच तपासून घ्या, चष्म्याचा जादा जोड करा. औषधं चिठ्ठीसकट न्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आखाती देशांत नेऊ नका.

कोणती शाळा?

ऑर्डर आल्यावर मिशनच्या (म्हणजे तिथल्या भारतीय दूतावासाच्या) प्रशासन विभागाला पहिला मेल शाळेबद्दल करा, घराबद्दल नंतर. त्या ठिकाणी शासनाने कोणती शाळा मान्य केलीय, फीचा कोणता भाग मिळतो, प्रवेश फी आणि बसचं काय, जागा शिल्लक आहेत का, हे लेखी विचारा. तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबू नका. आधी तिथे असलेल्या एखाद्या कुटुंबाचा नंबर मिळवून त्या घरातल्या आईशी अर्धा तास बोला. माझा अनुभव असा की जी माहिती सहा मेलमध्ये मिळत नाही ती त्या अर्ध्या तासात मिळते.

साधारण तीन वाटा असतात. केंद्रीय विद्यालयं भारताबाहेर तीनच आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. आखाती देशांत सीबीएसईच्या शाळा भरपूर. बाकी ठिकाणी ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) पद्धतीची आंतरराष्ट्रीय शाळा, नाहीतर स्थानिक भाषेतली सरकारी शाळा.

सीबीएसई मिळत असेल तर परतीचा रस्ता सोपा होतो, पण मराठी माध्यमातल्या मुलाला तिथे एक वेगळीच अडचण येते, जिचा मी विचारच केला नव्हता. मी मुलीला मॉस्कोसाठी रशियन अक्षरं शिकवत बसले होते. तिथल्या केंद्रीय विद्यालयात गेल्यावर कळलं की मधल्या सुट्टीची भाषा हिंदी आहे. साताऱ्याच्या पोरीला टीव्हीवरची हिंदी समजायची, बोलता यायची नाही. पहिला महिना ती डबा घेऊन एकटी खिडकीशी बसायची आणि बाहेरचा बर्फ बघायची. घरी येऊन म्हणाली, "आई, मी 'मला पण खेळायला घ्या' हे हिंदीत कसं म्हणू?" त्या संध्याकाळी आम्ही खेळाची दहा वाक्यं पाठ केली. अभ्यासाचं हिंदी राहू द्या बाजूला, आधी मैदानावरचं हिंदी शिकवा: माझा डाव, मला घे, मी आऊट नाही, उद्या परत खेळू.

आंतरराष्ट्रीय शाळेत जाणार असाल तर इयत्तांचा हिशेब नीट समजून घ्या. ब्रिटिश पद्धतीतलं 'इयर ६' म्हणजे आपली पाचवी, 'इयर ७' म्हणजे सहावी. नैरोबीला आम्ही एप्रिलमध्ये पोहोचलो तेव्हा मुलगी पाचवी पूर्ण करून आली होती. तिथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होणार, म्हणून तिला 'इयर ६'च्या शेवटच्या सत्रात बसवलं. आजोबांनी साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं की नात सहावीत गेली, आणि सप्टेंबरात ती 'इयर ७'ला गेल्यावर तिने एक वर्ष उडी मारली असंही सांगितलं. परत येताना मात्र इथल्या शाळेने 'इयर ९' वाचून ती नववी शिकून आलीय असं धरलं, आणि ती आठवी आहे हे पटवण्यात आमचे चार हेलपाटे झाले. म्हणून प्रत्येक प्रगतिपुस्तकावर शाळेकडून "भारतातील अमुक इयत्तेच्या समकक्ष" अशी ओळ लिहून घ्या.

शाळेचं वर्षही देशागणिक बदलतं. अमेरिका-युरोपात ऑगस्ट-सप्टेंबर, जपानमध्ये एप्रिल, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर. रुजू होण्याची तारीख थोडी मागेपुढे करून घेता आली तर वर्षाच्या सुरुवातीला पोहोचण्याचा प्रयत्न करा. ते शक्य नसेल तर वडिलांनी पुढे जावं आणि मुलांनी सत्र संपल्यावर. तिकिटांचे नियम यासाठी आधी वाचून घ्या.

नववीनंतरची मुलं

इथे माझं मत ठाम आहे. नववी-दहावी ही एक जोडी आणि अकरावी-बारावी ही दुसरी. सीबीएसईत नोंदणीच नववीला आणि अकरावीला होते. जोडी मोडू नका. मूल दहावीत किंवा बारावीत असताना ऑर्डर आली तर एका पालकाने मुलासोबत मागे राहावं, किंवा आजी-आजोबांकडे नाहीतर वसतिगृहात ठेवावं. भारतात शिकणाऱ्या मुलांना सुट्टीत आई-वडिलांकडे जाण्या-येण्याच्या तिकिटाची सोय नियमांत आहे, ती वापरा. आठवीपर्यंतचं मूल मात्र बिनधास्त न्या.

बारावी परदेशी बोर्डातून करणार असाल तर भारतातल्या प्रवेशाचा विचार अकरावीचे विषय निवडतानाच करा. समकक्षता प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ही बारावी इथल्या बारावीच्या बरोबरीची आहे असा कागद. वैद्यकीयला जायचं असेल तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय हवेत. 'ए लेव्हल'ला (ब्रिटिश पद्धतीतल्या बारावीला) तीनच विषय घ्यायची पद्धत असल्याने मुलं एखादा सोडतात आणि मग पंचाईत होते. महाराष्ट्रातल्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर अधिवासाचा दाखला निघण्याआधीच काढून ठेवा, आणि त्या-त्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेतल्या दहावी-बारावी कुठून झाली यासंबंधीच्या अटी दोन वर्षं आधी वाचा.

पोहोचल्यावरचे पहिले तीन महिने

नव्या भाषेच्या शाळेत लहान मूल काही आठवडे, कधी काही महिने, बोलतच नाही. ऐकत असतं, साठवत असतं. शिक्षिका काळजीने बोलावतील, "घरी इंग्रजी बोला" असंही सांगतील. ऐकू नका. घरात मराठीच बोला. दिवसभर परक्या भाषेत दमून आलेल्या मुलाला निदान घरी तरी सहज बोलता आलं पाहिजे. आमची मुलगी नैरोबीत दोन महिने वर्गात गप्प होती आणि एका दुपारी एकदम शिक्षिकेला दुरुस्त करून आली.

आजी-आजोबांचा फोन ठरावीक वेळी ठेवा. मॉस्को आणि नैरोबी दोन्हीकडे भारताच्या मागे अडीच तासांचा फरक. साताऱ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आमचे साडेपाच, शाळेतून येऊन खाणं झाल्यावरची वेळ. फोनवर "कसा आहेस, जेवलास का" यापलीकडे मुलं बोलत नाहीत, म्हणून आजीने रोज एक गोष्ट अर्धी सांगायची आणि उरलेली उद्या, असं आम्ही ठरवलं. मुलगी फोनची वाट बघायला लागली.

कपडे तिथे जाऊन घ्या. मुंबईत घेतलेला स्वेटर मॉस्कोत घरातच घालण्याच्या लायकीचा ठरतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधार पडतो, मुलं मलूल होतात. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोला आणि थंडी कितीही असली तरी रोज अर्धा तास बाहेर न्या.

मुलाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरच्यांनाही काही संरक्षण असतं. त्याचा अर्थ नियम आपल्याला लागू नाहीत असा नाही. वर्गात "माझे बाबा एम्बसीत काम करतात" एवढं सांगणं पुरे. बाबा कधी येतात-जातात, घराचा पत्ता, दूतावासाच्या आतले फोटो हे समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कारणासकट सांगा. नुसतं "टाकू नकोस" म्हटलं की हमखास टाकतात.

पोस्टिंगच्या काळात बाळ झालं तर वर्षाच्या आत मिशनमध्ये जन्माची नोंद करा. ही मुदत चुकवू नका.

मराठीचं काय

बोलणं टिकतं, वाचणं जातं. हे इतकं हळूहळू होतं की आपल्या लक्षात येत नाही. नैरोबीत दुसऱ्या वर्षी आजीचं पत्र आलं आणि मुलीने ते माझ्या हातात देऊन म्हटलं, "तू वाच ना." तिला जोडाक्षरं लागत नव्हती. त्या दिवसापासून रोज एक पान. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात; मुलाच्या इयत्तेच्या एक पाऊल मागचं पुस्तक घ्या म्हणजे दमछाक होत नाही. याला व्यवहाराची बाजूही आहे. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत परतणाऱ्या मुलाला ती लागणारच. दिल्लीला परतणार असाल तर हिंदीचाही सराव चालू ठेवा, नाहीतर सहा वर्षं इंग्रजीत शिकलेलं मूल हिंदीच्या पेपरात अडकतं.

परतीची तयारी

परत येणं मुलाला जाण्यापेक्षा जड जातं, कारण सगळ्यांना वाटतं ते घरी आलंय. आमच्या मुलीच्या साताऱ्यातल्या मैत्रिणींचे आता वेगळे गट झाले होते, आणि तिच्या मराठी बोलण्याला त्या हसल्या. तिला सहा महिने लागले. त्या काळात नैरोबीच्या मैत्रिणींशी बोलायला आम्ही कधी अडवलं नाही, आणि अडवू नयेच.

कागदांचं काम निघण्याच्या दोन महिने आधी सुरू करा. ब्रिटिश वर्ष जुलैत संपतं, सीबीएसईचं एप्रिलला सुरू होतं. आम्ही 'इयर ९' अर्धवट सोडून मार्चमध्ये आलो. शाळेकडून दुसऱ्या सत्रापर्यंतचं प्रगतिपुस्तक, "पुढील वर्गात जाण्यास पात्र" असं पत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला घेतला, आणि तिन्हींवर मिशनची साक्षांकनाची सही-शिक्का तिथे असतानाच करून घेतला. मुलीच्या फाईलमध्ये त्यांची छायाप्रत अजून आहे, सगळ्यात वर.